जेनेसी खोऱ्यातल्या १७७९ बद्दलच्या पाट्या: बदलाव्यात की शेजारी दुसऱ्या लावाव्यात?

जुनी_कागदं: न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिमेला जेनेसी नदीचं खोरं, म्हणजे सेनेका या मूळनिवासी लोकांचा मुलूख. तिथे रस्त्याकडेच्या निळ्या पाट्यांवर पिवळ्या अक्षरांत साधारण एवढंच असतं: इथे सेनेकांचं गाव होतं, १७७९ मध्ये (म्हणजे अमेरिकी क्रांतीच्या युद्धात, अमेरिकी फौजेच्या) जनरल सलिव्हनने नष्ट केलं. अमेरिकी क्रांतीच्या दीडशे वर्षांनिमित्त राज्याच्या शिक्षण खात्याने १९२६ पासून अशा पाट्या लावल्या. त्या काढू नयेत. तेव्हाचं सरकार काय सांगत होतं आणि काय गाळत होतं, याचा तो पुरावा आहे. शेजारी दुसरी पाटी लावा.

रोहिणी_उ: असहमत. धावत्या गाडीतून एक पाटी जेमतेम वाचून होते, दोन कोण वाचणार? नष्ट झालं ते काय, हे कुठेच नाही. सलिव्हनच्याच अहवालात ४० गावं आणि किमान १ लाख ६० हजार बुशेल (धान्याचं माप) मका आहे. सोललेल्या मक्याचा बुशेल ५६ पौंडांचा धरला तर हे ४ हजार टनांवर जातं. एकट्या लिटल बिअर्ड्स टाउनमध्ये १२८ घरं, बहुतेक मोठी आणि देखणी, असं तोच लिहितो. आणि हुकूम सरसेनापती वॉशिंग्टनचा होता, ३१ मे १७७९ चा, वस्त्यांचा संपूर्ण विध्वंस करा म्हणून. पाटीवर नाव मात्र फक्त सलिव्हनचं.

जुनी_कागदं: मग १७७८ मध्ये ब्रिटिशांच्या बाजूच्या सैनिकांनी आणि सेनेकांनी चेरी व्हॅली या वस्तीवर केलेला हल्लाही लिहा. सलिव्हनची मोहीम काही आभाळातून पडली नाही.

रोहिणी_उ: जरूर लिहा. पण ती बाजू आधीच दगडात आहे. हाल करून मारलेल्या बॉइड आणि पार्कर या सलिव्हनच्या सैनिकांचं स्मारक याच खोऱ्यात कायलरव्हिलला उभं आहे. घरंदारं जळाल्यावर ब्रिटिशांच्या नायगारा किल्ल्याभोवती उपाशी हिवाळा काढणाऱ्या हजारोंचं काय?

ओतकाम: तुमचं दोघांचं सगळं ओतीव पाटीवर मावणार नाही. शीर्षक आणि खाली चार-पाच आखूड ओळी, संपलं. हुकूम, मका, नायगारा सांगायचं तर गाडी थांबवायच्या जागेवर छापील माहितीफलक हवा. जुनी पाटी ठेवणार असाल तर आधी डागडुजी करा. ॲल्युमिनियमची पाटी लोखंडी खांबावर साध्या बोल्टने आवळली की हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या पाण्याने सांध्यात गंज धरतो. स्टेनलेस बोल्ट आणि मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. रंगवताना आधी सगळी पार्श्वभूमी निळी करा, पूर्ण वाळू द्या, मग उठावाच्या अक्षरांवरून जवळपास कोरडा रोलर हलक्या हाताने फिरवा. रोलर ओला असला की पिवळा रंग खाचांत उतरतो. पाया ४ फूट तरी खोल घ्या, नाहीतर गोठलेली माती खांब वर ढकलते.

तळटीप: मजकूर ठरवण्याआधी सेनेका नेशनच्या, म्हणजे सेनेकांच्या आजच्या सरकारच्या, वारसा जतन कार्यालयाला आणि टोनावांडा सेनेका या त्यांच्या वेगळ्या गटाला विचारा. ओतल्यानंतर नमुना दाखवणं म्हणजे विचारणं नव्हे. गोष्ट १७७९ लाच संपवू नका. १७९४ च्या कॅनन्डेग्वा करारानुसार अमेरिकी सरकार सेनेकांना आजही दरवर्षी कापड देतं. या खोऱ्यातली बहुतेक जमीन गेली ती १७९७ च्या बिग ट्री करारात, १ लाख डॉलरना. एखाद्या पाटीवर दुसरी ओळ द्यायची झाली तर मी हीच देईन.

जुनी_कागदं: ही ओळ मान्य. पण नव्या पाटीवर, जुनीला हात न लावता.

तळटीप: चालेल. फक्त सेनेकांच्या दफनभूमीची नेमकी जागा कुठल्याच पाटीवर नको. वस्तूंसाठी उकरणाऱ्यांना तो आयता नकाशा होतो.