न्यूरेंबर्ग म्हणजे नुसता सूड? कालच्या पोस्टला उत्तर

वाटसरू: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की न्यूरेंबर्गचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्याचे, निकाल आधीच ठरलेले होते, खटला हा नुसता देखावा. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. ठरलेलेच होते तर शाख्त, पापेन आणि फ्रिट्शे हे तीन आरोपी निर्दोष सुटले कसे? जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झच्या वकिलाने तर खुद्द अमेरिकेच्या अ‍ॅडमिरल निमिट्झचा लेखी जबाब आणला, की पॅसिफिकमध्ये आमच्या पाणबुड्याही इशारा न देता जहाजं बुडवत होत्या. न्यायालयाने तो विचारात घेतला. त्याला दहा वर्षं झाली ती इतर आरोपांवर, पाणबुड्यांचे नियम मोडल्याबद्दल नाही.

खडूस: म्हणजे "आम्हीही तेच केलं" म्हटल्यावर शिक्षा माफ! माझाच मुद्दा सिद्ध केलात, आभार. कातिनच्या हत्याकांडाचं काय? पोलिश अधिकारी मारले सोव्हिएतांनी, आरोपपत्रात घातले जर्मनांच्या नावावर, आणि निकालात चकार शब्द नाही. जपानी नेत्यांवरच्या टोकियो खटल्यात एकटे भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल खरं बोलले: सगळे निर्दोष.

मीनल_के: पाल आले, आता धागा गेला. अत्याचार झालेच नाहीत असं पाल कुठेही म्हणत नाहीत, उलट पुरावा भक्कम आहे असंच लिहितात. आक्रमक युद्ध तेव्हा कायद्याने गुन्हा नव्हतं आणि अत्याचारांशी या आरोपींचा संबंध सिद्ध होत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. टोकियोतल्या यासुकुनी या युद्धमृतांच्या मंदिरात त्यांचं स्मारक उभारणाऱ्यांनी अर्धंच वाचलं. तुम्हीही.

खडूस: ताई, शिकवणी नको. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारे आरोपीच्या पिंजऱ्यात होते का, एवढंच सांगा.

जुनाजाणता: माझे आजोबा सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती लागले, मजुरीला न्यू गिनीला नेले. परत आल्यावर जन्मभर जेवताना डावा हात ताटाभोवती आडवा धरून बसायचे, कुणी ओढून नेईल म्हणून. न्यू गिनीजवळच्या रबौलला ऑस्ट्रेलियाच्या लष्करी न्यायालयांत भारतीय कैद्यांच्या छळाचे खटले चालले, ते पाल यांच्या नावाने गळा काढणाऱ्या एकालाही ठाऊक नसतात.

खडूस: आजोबांना नमस्कार. पण जपानी लष्कराच्या युनिट ७३१ ने जिवंत माणसांवर केलेल्या प्रयोगांची माहिती मिळावी म्हणून अमेरिकेनेच त्यांना अभय दिलं, तेही लिहा की.

बारा_गावचं_पाणी: ते सोडा, १९७१ चं बोला! १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर बांगलादेश खटले चालवणार होता. १९७४ च्या दिल्ली करारात तेही सोडले. आम्हीच!

मीनल_के: तो वेगळा विषय आहे हो. रवांडातल्या वंशसंहाराचे खटले बघा. तिथल्या अकायेसू नावाच्या महापौराच्या मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हताच. एका साक्षीदार बाईच्या तोंडून मुलीवरच्या अत्याचाराची गोष्ट निघाली, न्यायाधीशांनी खोदून विचारलं, आरोपपत्र वाढवलं गेलं. १९९८ च्या निकालात बलात्कार हाही वंशसंहाराचा भाग ठरला. तिथे नवनीतम पिल्लै या एकट्याच महिला न्यायाधीश होत्या.

खडूस: बरं, एक निकाल चांगला लागला, पेढे वाटा. आता संयुक्त राष्ट्रांतल्या व्हेटोवाल्या पाच देशांपैकी एकाचा तरी सेनापती हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभा केलेला दाखवा. पुतिन २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायालयाचं अटक वॉरंट असताना मंगोलियात जाऊन आले, लाल गालिच्यावरून.

मीनल_के: नाही दाखवता येत. म्हणून अकायेसूला सोडायचं होतं का?

वाटसरू: पाल यांच्यावर वेगळा धागा काढा रे कुणीतरी. माझ्या निमिट्झच्या मुद्द्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.