चाप ओढला पण बार झाला नाही: तीस सेकंद थांबायचे ते कशासाठी?

नवशिका:
मी तीन महिन्यांपासून पॉइंट टू-टू बोअरच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीवर नेमबाजी शिकतो आहे. गेल्या आठवड्यात चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज आला आणि गोळी सुटली नाही. मी लगेच बोल्ट, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता दांडा, उघडणार होतो, पण प्रशिक्षकांनी मला थांबवले, नळी लक्ष्याकडेच धरायला लावली आणि सावकाश तीस अंक मोजायला सांगितले. नंतर काढलेल्या काडतुसाच्या काठावर फायरिंग पिनची खूण स्पष्ट दिसत होती. पिन आदळूनही दारू पेटली नाही, म्हणजे काडतूस निकामीच होते ना? मग या थांबण्याला आजही कारण आहे, की ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकांच्या काळातली रीत तशीच चालत आली आहे?

दारूगोळा:
रीत जुनी आहे आणि कारणही अजून जिवंत आहे. चाप ओढणे आणि गोळी सुटणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे एकदा मनात ठसले की बाकीचे उलगडत जाते. तोड्याच्या बंदुकीत जळती जामगी, म्हणजे धुमसती वात, बाहेरच्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या थोड्या दारूवर, टेकत असे, तिथला जाळ बंदुकीच्या कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, आत शिरे आणि मग नळीतली सोरा, गंधक व कोळशाची मुख्य दारू पेटे. चकमकीच्या बंदुकीत जामगीची जागा ठिणगीने घेतली, पण वाट तीच राहिली. वाटीतला भडका उडूनही आतली दारू थंडच राहिली, तर तो फुसका बार ठरे. पण कानात एखादा निखारा धुमसत राहिला, तर काही क्षणांनी खरा बार होई आणि तोवर बंदूकधाऱ्याने नळी कुठे वळवली असेल याचा नेम नसे.

ही मधली वेळ कमी करण्याच्या खटपटीतूनच बंदुकीच्या कळेत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या यंत्रणेत, मोठी सुधारणा झाली. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी येथील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा छंद होता. वाटीतला भडका दिसताच पक्षी हलत आणि नेम चुके, म्हणून त्यांनी आघाताने पेटणारी रसायने वापरून कळ बनवली आणि १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची छोटी टोपी आली आणि मग तळाशीच प्रायमर, म्हणजे आघाताने पेटून दारू पेटवणारे मिश्रण, असलेले धातूचे काडतूस. साखळी आखूड झाली, पण पिन, प्रायमर, दारू आणि गोळी ही तिची कडी आजही तीच आहेत. ठासणीची बंदूक आजही उडवणारे अशा वेळी एक-दोन मिनिटे थांबतात, कारण तिथे निखाऱ्याचा धोका खराच असतो.

लक्ष्यवेध:
आपल्या रायफलीपुरते थोडे अधिक सांगतो. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला मध्यभागी वेगळा प्रायमर नसतो. पेटणारे मिश्रण तळाच्या पोकळ काठात पसरवलेले असते. ते सगळीकडे सारखे पसरले नसेल आणि पिन नेमकी रिकाम्या जागी आदळली, तर आपल्याला आला तसा अनुभव येतो. म्हणून या काडतुसात असे प्रकार मध्यभागी प्रायमर असलेल्या काडतुसापेक्षा अधिक होतात. बहुतेक वेळा काडतूस खरेच निकामी असते, पण मिश्रण अर्धवट पेटले असेल किंवा दारूला ओल लागली असेल, तर बार उशिरा होऊ शकतो.

आता बोल्ट उघडताना तो झाला तर काय होईल, ते पाहा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत, असताना पितळेच्या पातळ कवचाला चहूबाजूंनी पोलादाचा आधार असतो, त्यामुळे वातावरणाच्या दाबाच्या दीड हजार पटींहून अधिक दाब ते सहन करते. अर्धे बाहेर आलेल्या काडतुसाला तो आधार उरत नाही. कवच फुटते आणि त्याचे तुकडे चेहऱ्याच्या दिशेने उडतात. डोळ्यांवरचा चष्मा न चुकता वापरावा, याचे हेही एक कारण आहे.

सावध:
माझे मत थोडे वेगळे आहे. आधुनिक काडतुसात उशीर झालाच तर तो बहुधा सेकंदाच्या छोट्या अंशाइतका असतो, त्यामुळे तीस या आकड्यात फार अडकू नये. खरा धोका आपण पहिल्याच क्षणी काय करतो यात आहे. आवाज आला नाही की माणूस नकळत नळी वळवून ‘काय झाले’ ते पाहायला जातो, आणि बार उशिरा झाला तर नेमका याच वेळी होतो. म्हणून नळी जागेवर राहणे आणि बोट चापावरून बाजूला येणे, या दोन गोष्टी मी आधी शिकवतो आणि सेकंद नंतर मोजायला लावतो. आपल्या रेंजचा नियम अधिक वेळ थांबण्याचा असेल, तर अर्थातच तो पाळावा.

नवशिका:
मी खरोखरच नळी थोडी खाली केली होती. बोल्ट उघडण्याच्या घाईत ते लक्षातही आले नाही. आणखी एक विचारतो: आवाज अजिबात न येता अगदी हलका आला, तर तेव्हाही थांबून बोल्ट उघडणे एवढेच पुरेसे आहे का?

लक्ष्यवेध:
नाही, आणि हा प्रकार अधिक घातक आहे. हलका ‘फट्’ आवाज आणि कमी धक्का म्हणजे प्रायमर पेटला, पण दारू कमी होती किंवा पुरती जळली नाही, आणि गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते. अशा वेळी पुढची गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. तेवढाच वेळ थांबून रायफल पूर्ण रिकामी करावी, बोल्ट काढून मागच्या बाजूने नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे, आणि दिसला नाही तर रायफल प्रशिक्षकांच्या हाती द्यावी. न उडालेले काडतूस कचऱ्यात टाकू नये. रेंजवर त्यासाठी ठेवलेल्या पेटीतच ते जमा करावे.