पंचविशीतल्या मुलीची 'गरज' बापाच्या पगारावरून का मोजायची?

एडिसनकर: अमेरिकेत पदवीनंतर शिकणाऱ्याला सरकारी मदतीचा फाफ्सा फॉर्म आपोआप स्वतंत्र धरतो. आईवडिलांची मिळकत विचारत नाही. पण मेडिकलची बरीच कॉलेजं स्वतःच्या खिशातली मदत देताना आमचे टॅक्स रिटर्न मागतात, सीएसएस प्रोफाइल नावाच्या कॉलेजांच्या मदत-अर्जात राहत्या घराची किंमतसुद्धा. लेक पदवीनंतर लॅबमध्ये नोकरी करते, भाडं स्वतः भरते. तिच्या मेडिकलच्या अर्जात मी कुठून आलो?

खवचट काका: नाही विचारलं तर काय होईल? पंचविशीत कुणाच्याच नावावर काही नसतं. सर्जनची पोर आणि ट्रकवाल्याची पोर कागदावर सारखीच कंगाल. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०२४ साली अब्जाधीश ब्लूमबर्ग यांच्या देणगीतून मेडिकलची ट्यूशन माफ केली, पण कुटुंबाचं उत्पन्न ३ लाख डॉलरच्या आत असेल तरच. बरोबरच केलं. (धागाकर्ते ३ लाखांच्या वर असावेत, असा आपला अंदाज!)

एडिसनकर: अंदाज राहू द्या. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने मेडिकलला २०१८ साली सरसकट माफी दिली, बिघडलं काय? आणि बाप श्रीमंत म्हणजे तो देणारच, हे कुणी ठरवलं?

खवचट काका: लग्नाचा हॉल बुक करताना ती स्वतंत्र नसते वाटतं?

एडिसनकर: तो खर्च मी आपखुशीने करतो. मोजायचंच तर डॉक्टर झाल्यावरची तिची कमाई मोजा. आज कर्ज द्या, गावाकडे प्रॅक्टिस केली तर माफ करा.

दुपारचा चहा: कर्ज द्या म्हणे! १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाचं जादा सरकारी कर्ज, बंद. मेडिकलला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख डॉलर. महागड्या कॉलेजात ट्यूशनच त्याहून जास्त. वरचे पैसे खाजगी बँकेकडून, आणि तिथे जामीनदार म्हणून सही बाबांचीच. तुमचा पगार अर्जातून काढलात तरी बँकेत दाखवावाच लागणार.

सांगलीची सून: तुमचं भांडण तरी चालू आहे. आमची मुलगी एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर वाढली, तिला सरकारी मदत शून्य. शिवाय सासूबाईंच्या औषधपाण्याला दरमहा पैसे जातात, ते उत्पन्नातून कोण वजा करतं?

दुपारचा चहा: प्रोफाइलमध्ये विशेष परिस्थिती लिहायला जागा असते, तिथे लिहा आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या जोडून कॉलेजच्या मदत कचेरीला वेगळी मेल करा. कमी करतीलच असं नाही, पण न सांगता तर नक्कीच करणार नाहीत.