‘प्रमाणीकरण अयशस्वी’ म्हणजे नक्की काय बिघडलं?

प्रश्न

ईमेलच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरसाठी मराठी मदतलेख तयार होतो आहे. मेल जात नाही तेव्हा दिसणाऱ्या संदेशांपैकी ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ हा शब्दप्रयोग फार गोंधळाचा वाटतो. एका ठिकाणी तो पासवर्ड नाकारला गेल्यावर वापरलाय, दुसऱ्या ठिकाणी सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर आक्षेप आल्यावर. दोन्हींना एकच शब्द चालेल का? शिवाय आउटगोइंग सर्व्हरला ‘बहिर्गामी’ म्हणावं की दुसरं काही?

प्रतिसाद १

चालणार नाही. ‘प्रमाण’ या शब्दावर आधीच बरंच ओझं आहे. प्रमाण म्हणजे पुरावा, प्रमाण म्हणजे मापदंड (प्रमाणभाषा), प्रमाण म्हणजे गुणोत्तरही. त्यातून ‘प्रमाणपत्र’ निघालं आणि ‘प्रमाणीकरण’ तर स्टँडर्डायझेशनलाही वापरतात. अशा शब्दाला तिसरं काम दिलं की वाचणारा चुकीच्या जागी दुरुस्ती करायला बसतो.

इथे ओळख दोन बाजूंनी तपासली जाते. आधी सॉफ्टवेअर सर्व्हरला विचारतं, ‘तू खरंच तोच का?’ त्याचं उत्तर म्हणजे सर्टिफिकेट. ते पटलं की मग सर्व्हर विचारतो, ‘तुम्ही कोण?’ त्याचं उत्तर म्हणजे वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड. हा क्रम महत्त्वाचा आहे. एन्क्रिप्शन निवडलेलं असताना सर्व्हरकडून ५३५ हा त्रुटीचा आकडा आला, तर सर्व्हरपर्यंत पोचलोय, टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारी पद्धत) जुळलंय, सर्टिफिकेटही पटलंय, अडलंय ते फक्त नाव-पासवर्डाशी. अशा वेळी लोक पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) बदलत बसतात, त्याचा काडीचाही उपयोग नसतो.

५३५ आल्यावर पाहायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. नावाच्या रकान्यात पूर्ण ईमेल पत्ता आहे का? बरेच सर्व्हर ‘@’च्या आधीचा तुकडा एकटा स्वीकारत नाहीत. खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावली असेल तर नेहमीचा पासवर्ड बहुधा चालणार नाही. ओऑथ२ (सॉफ्टवेअरला पासवर्ड न देता परवानगी देण्याची पद्धत) निवडावं किंवा ॲप पासवर्ड (त्या सॉफ्टवेअरपुरता वेगळा पासवर्ड) तयार करून घ्यावा. गूगलचा ॲप पासवर्ड १६ अक्षरी असतो. आणि थंडरबर्ड या मेल सॉफ्टवेअरमध्ये हमखास राहून जाणारी गोष्ट: येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलचे पासवर्ड तिथे वेगवेगळे साठवलेले असतात. पासवर्ड बदलला, येणाऱ्या मेलसाठी नवा दिला, तरी एसएमटीपीच्या (मेल पाठवण्याच्या पद्धतीच्या) नोंदीत जुनाच बसून राहतो. सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन साठवलेल्या पासवर्डांच्या यादीतली ‘एसएमटीपी’ने सुरू होणारी ओळ काढून टाकावी. पुढचं मेल पाठवताना सॉफ्टवेअर नव्याने विचारतं.

माझं मत: सर्टिफिकेटवर आक्षेप आला तर ‘सर्व्हरची ओळख पटली नाही’, पासवर्ड नाकारला गेला तर ‘नाव किंवा पासवर्ड नाकारला’. शासकीय परिभाषेत ऑथेंटिकेशनला ‘अधिप्रमाणन’ आहे. काटेकोर आहे, पण मेल अडलेल्या माणसाला त्यातून काही कळत नाही.

प्रतिसाद २

‘बहिर्गामी’ कशाला? आवक-जावक हे कचेरीतले शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत. आवक सर्व्हर, जावक सर्व्हर. जावक बारनिशीत जसं पत्र नोंदवून बाहेर पडतं, तसंच हे.

प्रतिसाद ३

जावकला अनुमोदन. पण माझा आक्षेप ‘सुरक्षित’वर आहे. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांत ‘सिक्युअर पासवर्ड ऑथेंटिकेशन’ नावाची एक खूण करायची चौकट होती. मराठीत ती ‘सुरक्षित पासवर्ड’ झाली की कुणीही सुज्ञ माणूस तिथे टिचकी मारणारच, आणि मेल बंद! त्या चौकटीचा टीएलएसशी संबंध नाही. ती पासवर्ड सादर करायची एक वेगळी पद्धत आहे आणि बहुतेक सर्व्हरांना ती नको असते.

थंडरबर्डमधला ‘एन्क्रिप्टेड पासवर्ड’ याच जातीचा. त्याचा अर्थ क्रॅम-एमडी५सारखी, पासवर्ड जसाच्या तसा न पाठवता तो ठाऊक असल्याचं दाखवणारी पद्धत. सर्व्हरने ती देऊ केली नसेल तर मेल जात नाही. तिथे ‘नॉर्मल पासवर्ड’ निवडणं बरोबर असतं. वरून टीएलएसचं आवरण असल्यामुळे तो वाटेत कुणाला दिसत नाही. म्हणून ‘साधा पासवर्ड’ असं भाषांतर केलंत तर शेजारी ‘जोडणी टीएलएसची असल्यास सुरक्षित’ एवढं लिहाच.

जाता जाता: बेस६४ला (मजकूर ठरावीक ६४ चिन्हांत लिहिण्याच्या पद्धतीला) ‘कूटबद्ध’ म्हणू नये. ‘कूट’मध्ये उकलायला अवघड हा भाव आहे, जसं कूटप्रश्न. बेस६४ कुणीही उलटवू शकतं, त्याला किल्ली लागत नाही. ते नुसतं लिप्यंतरासारखं आहे. ‘संकेतन’ म्हणा आणि ‘कूटबद्ध’ हा शब्द एन्क्रिप्शनसाठी राखून ठेवा.

प्रतिसाद ४

सगळ्यात वाईट नावं मूळ इंग्रजीतच आहेत, त्याला मराठी काय करणार! ‘एसएसएल/टीएलएस’ आणि ‘स्टार्टटीएलएस’ असे दोन पर्याय दिसतात. वाचणाऱ्याला वाटतं, एक जुनं आणि एक नवं. तसं नाही. एसएसएल हा टीएलएसचा पूर्वज, त्यातलं एसएसएल ३.० तर २०१५मध्येच रीतसर बाद ठरलं, टीएलएस १.० आणि १.१ हे २०२१मध्ये. दोन्ही पर्यायांत आज चालतं ते टीएलएस १.२ किंवा १.३. फरक आहे तो टीएलएस कधी सुरू होतं याचा. ‘एसएसएल/टीएलएस’मध्ये पहिल्या क्षणापासून, ‘स्टार्टटीएलएस’मध्ये आधी उघड्यावर रामराम आणि मग पडदा. आउटलुक २०१०मध्ये तर दुसऱ्याला नुसतं ‘टीएलएस’ म्हटलं होतं, त्यामुळे जुने लेख वाचणाऱ्यांचा घोळ आणखी वाढतो.

माझी सूचना: ‘सुरुवातीपासून टीएलएस’ (पोर्ट ४६५) आणि ‘बोलणं सुरू झाल्यावर टीएलएस’ (पोर्ट ५८७). नावातच वेळ आली की जोडी चुकण्याचं प्रमाण घटेल. जोडी चुकली की काय होतं ते पाहा:

५८७वर ‘सुरुवातीपासून’ निवडलं, तर सॉफ्टवेअर लगेच टीएलएसची भाषा बोलू लागतं आणि समोरून साध्या अक्षरांत ‘२२०’ने सुरू होणारं स्वागत येतं. सॉफ्टवेअर ते टीएलएस समजून वाचतं आणि ‘आवृत्ती क्रमांक चुकीचा’ अशी तक्रार करतं. आवृत्तीत काहीही चूक नसते.

४६५वर ‘बोलणं सुरू झाल्यावर’ निवडलं, तर सॉफ्टवेअर स्वागताची वाट बघतं, सर्व्हर टीएलएसच्या पहिल्या संदेशाची. ‘पहले आप’चा हा खेळ वेळ संपेपर्यंत चालतो. थेट नकार न येता मिनिटभर काहीच घडत नसेल तर आधी ही जोडी तपासा. मग फायरवॉल (जोडण्या अडवणारी सुरक्षा-व्यवस्था).

४६५बद्दल ‘हे पोर्ट रद्द झालंय’ असं अजून वाचायला मिळतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ती नोंद मागे घेतली होती हे खरं, पण २०१८च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या नियमपत्राने ते सॉफ्टवेअरने सर्व्हरकडे मेल सोपवण्यासाठी पुन्हा मान्य केलं, आणि तेच पसंतीचं ठरवलं. पोर्ट २५ मात्र सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीसाठी आहे. अनेक इंटरनेट पुरवठादार ते घरगुती जोडणीवर बंद ठेवतात.

प्रतिसाद ५

वेळ संपण्यावरून आठवलं. टाइमआउटला ‘कनेक्शन कालबाह्य झाले’ असं छापतात, आणि सर्टिफिकेटची तारीख उलटली की ‘प्रमाणपत्र कालबाह्य झाले’. कालबाह्य म्हणजे जुनाट, आता उपयोगाचं नाही असं. जोडणी जुनाट कशी होईल? ‘सर्व्हरकडून उत्तर आलं नाही’ म्हणा. सर्टिफिकेटला ‘मुदत संपली’.

प्रतिसाद १ चा पुढचा प्रतिसाद

बरोबर. या दोन बिघाडांत सॉफ्टवेअरच्या बाहेरून तपासायचं असेल तर ओपनएसएसएल या टीएलएसच्या अवजारसंचातलं एस_क्लायंट वापरावं. ४६५ला नुसतं कनेक्ट, ५८७ला सोबत स्टार्टटीएलएसचा पर्याय आणि त्याचं मूल्य एसएमटीपी. सर्टिफिकेट कुणाच्या नावाचं आहे, कधीपर्यंत आहे, सगळं समोर येतं. तिथे हाताने आज्ञा टंकताना एक गंमत आहे: ‘आरसीपीटी’ (मेल कुणाला जायचं ते सांगणारी आज्ञा) इंग्रजी मोठ्या लिपीत लिहिलं तर ओळीच्या सुरुवातीचा मोठा ‘आर’ हे अवजार स्वतःसाठी घेतं आणि टीएलएसच्या नव्याने वाटाघाटी करू पाहतं. लहान लिपीत लिहावं, एसएमटीपीला ते चालतं.

आणि स्वागतानंतर सर्व्हर देतो त्या सोयींच्या यादीत ‘स्टार्टटीएलएस’च्या जागी ‘एक्स’ अक्षरांची माळ दिसली, तर मधल्या फायरवॉलची मेल-तपासणी तो शब्द खोडते आहे. सर्व्हरला दोष देऊ नये.

प्रतिसाद ६

‘रिले ॲक्सेस डिनाइड’ला ‘रिले प्रवेश नाकारला’ असं भाषांतर पाहिलंय. अर्थ एवढाच की ओळख न देता दुसऱ्याच्या पत्त्यावर मेल पुढे पाठवायला सर्व्हर तयार नाही. आउटलुकमध्ये ‘मोअर सेटिंग्ज’मधल्या ‘आउटगोइंग सर्व्हर’ या भागात जावक सर्व्हरला ओळख लागते अशी खूण करायची राहिलेली असते. ‘ओळख न दिल्यामुळे पुढे पाठवलं नाही’ हे लांब आहे, पण काय करायचं ते सांगतं.

प्रतिसाद ३ चा पुढचा प्रतिसाद

यादीत एक राहिलं: ‘अवैध प्रमाणपत्र’. अवैध म्हणजे बेकायदा, वाचणारा दचकतो. प्रत्यक्षात बहुतेकदा नाव जुळत नसतं. सर्व्हरच्या रकान्यात आपल्या डोमेनचं नाव लिहिलेलं असतं आणि सर्टिफिकेट होस्टिंगवाल्याच्या यंत्राच्या नावाचं असतं. तिथे अपवाद मंजूर करण्यापेक्षा होस्टिंगने दिलेलं नाव लिहावं. ‘अमान्य’ हा शब्द पुरे, आणि पुढे कारण: नाव जुळत नाही, मुदत संपली, किंवा अजून सुरू झाली नाही. शेवटचं कारण दिसलं तर आधी संगणकाच्या घड्याळातली तारीख बघा.