लॅम्ब्डाच्या आत डीबगर न्यायचा, की त्याला नावच द्यायचं?

अर्धविराम: ज्या निनावी फंक्शनच्या, म्हणजे लॅम्ब्डाच्या, आत डीबगर (चालता प्रोग्राम थांबवून तपासायचं साधन) घेऊन शिरावं लागतं, ते निनावी राहू नये असं माझं मत. पायथनमध्ये एकाच ओळीत मॅप (प्रत्येक नोंद बदलणारं), फिल्टर (नोंदी गाळणारं) आणि सॉर्टेड (क्रम लावणारं), तिन्हींना लॅम्ब्डा, अशा ओळीवर पीडीबीचा, म्हणजे पायथनच्या डीबगरचा, ब्रेक (थांबायची खूण) लावून बघा. आधी ओळ सुरू होताना थांबतो, मग प्रत्येक लॅम्ब्डाच्या प्रत्येक कॉलला. १००० नोंदी असतील तर कंटिन्यू, कंटिन्यू करत बसा. स्टॅकमध्ये, म्हणजे चालू फंक्शन्सच्या यादीत, तिघांचं नाव ‘लॅम्ब्डा’च! डेफ वापरून साधं फंक्शन लिहून नाव दिलं की ब्रेक थेट त्या नावावर लागतो.

कळफलक: दोष लॅम्ब्डाचा नाही, ओळीत कोंबण्याचा आहे. साखळीतला एकेक दुवा वेगळ्या ओळीवर घ्या, आणि हवी ती नोंद पकडायला ब्रेकला अट लावा. ओळ तोडायची नसेल तरी साधनं आहेत. व्हीएस कोड या एडिटरमध्ये, जावास्क्रिप्ट असेल तर, कर्सर लॅम्ब्डाच्या आत ठेवून शिफ्ट-एफ९. जावासाठी इंटेलिजेमध्ये ब्रेकपॉइंट लावतानाच ओळ हवी की लॅम्ब्डा ते निवडता येतं.

अर्धविराम: अटीचं म्हणाल तर, त्या एका ओळीवरच्या इतर लॅम्ब्डांत तुमच्या अटीतलं व्हेरिएबलच नसेल. अट तपासताना एरर आली की पीडीबी ‘खोटी’ समजून पुढे जात नाही, थांबतो. म्हणजे पुन्हा तेच.

आळशी_स्ट्रीम: दोघांच्याही हातून मुख्य घोळ सुटतोय. ‘स्टेप केलं (एकेक पायरी पुढे गेलं) तरी लॅम्ब्डात गेलंच नाही’ या नेहमीच्या तक्रारीत बहुधा तो लॅम्ब्डा त्या ओळीवर चाललेलाच नसतो. पायथन ३ चा मॅप आणि जावाचे स्ट्रीम (मॅप-फिल्टरच्या तशाच साखळ्या) आळशी आहेत. लिस्ट किंवा कलेक्ट निकाल मागेल तेव्हाच कामाला लागतात. शिवाय जावात पहिला घटक फिल्टर-मॅप दोन्हींतून गेल्यावरच दुसरा येतो, त्यामुळे डीबगरची चालू ओळ उड्या मारते. मध्ये सॉर्टेड असेल तर सगळे तिथे गोळा होतात. नाव दिल्याने यात काय बदलणार?

जुना_हेडर: सी++ मध्ये तर स्टेप दाबूच नये. फॉर-ईचच्या पोटात नाहीतर एसटीडी फंक्शनच्या आतड्यांत, म्हणजे लायब्ररीच्याच कोडमध्ये, जाऊन पडता. लॅम्ब्डाच्या बॉडीतल्या ओळीवर ब्रेक लावा आणि कंटिन्यू करा. ओ२ ने (कोड वेगवान करणाऱ्या पर्यायाने) बिल्ड केलं असेल तर लॅम्ब्डा इनलाइन होऊन, म्हणजे बोलावणाऱ्या कोडातच मिसळून, व्हेरिएबल्स ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसू शकतात, तेव्हा आधी ओ० ने (तो वेग बंद करून) बिल्ड करा. लॅम्ब्डा नाव दिलेल्या व्हेरिएबलमध्ये ठेवला तरी जीडीबीला (सी++ च्या डीबगरला) फरक पडत नाही.

अर्धविराम: क्रोममध्ये, जावास्क्रिप्टला, पडतो. मॅपला जागेवर दिलेलं फंक्शन कॉल स्टॅकमध्ये ‘ॲनॉनिमस’ म्हणून येतं. तेच कॉन्स्टमध्ये ठेवलं तर त्या कॉन्स्टचं नाव घेतं. शिवाय फंक्शन बाहेर काढलं की लागणारी व्हेरिएबल्स पॅरामीटर म्हणून द्यावी लागतात आणि ती फ्रेममध्ये (स्टॅकमधल्या त्या फंक्शनच्या नोंदीत) समोर दिसतात. क्लोजरमध्ये, म्हणजे बाहेरच्या फंक्शनची व्हेरिएबल्स वापरणाऱ्या आतल्या फंक्शनमध्ये, आतलं फंक्शन जे वापरत नाही ते व्ही८ (क्रोमचं जावास्क्रिप्ट इंजिन) जपून ठेवत नाही. कन्सोलमध्ये विचारलं की रेफरन्स एरर.

कळफलक: बाहेरचं फंक्शन अजून स्टॅकवर असेल तर त्याची फ्रेम निवडा, व्हेरिएबल तिथे मिळतं. सेटटाइमआउटच्या, म्हणजे नंतर चालणाऱ्या, कॉलबॅकमध्ये मात्र ती फ्रेम केव्हाच गेलेली असते. तेवढ्यापुरतं तुमचं मान्य. पण सॉर्टच्या अर्ध्या ओळीच्या तुलनेला नाव द्यायला मी काही जाणार नाही.