चाकाचा नट गोल झालाय, कसा काढू?

चार नट सुटले पण पाचवा काही केल्या हलत नाहीये, कडा झिजल्यात आणि पान्हा नुसता गर्रकन फिरतो. अलॉय व्हील आहे, ओरखडे न पडता काढायचाय. काय करू?

उत्तर १:
आधी गाडी जॅकवरून खाली घे, बाकीचे नट परत लाव, हँडब्रेक ओढ. एवढा जोर लावताना चाक हवेत नको, गाडी घसरली तर जिवावर बेतेल. मग गंज सोडवायचा स्प्रे मारून तासभर मुरू दे आणि बारा कोनी सॉकेट (नटावर चढवायचं पान्ह्याचं तोंड) असेल तर बाजूला ठेव, सहा कोनीच वापर, तो नटाच्या सपाट बाजूंना जास्त नीट धरतो.

उत्तर २:
वरची चकचकीत टोपी बघ जरा. काही नटांवर पातळ पत्र्याची वेगळी टोपी असते, आत गंज धरला की ती फुगते आणि मग १९ एमएमचा सॉकेट बसतच नाही, लोकांना वाटतं नटच गेला. छिन्नीने ती सोलून काढली की आतला नट बऱ्याचदा शाबूत असतो, फक्त साइज थोडी लहान.

उत्तर ३:
कडा खरंच गेल्या असतील तर एक्स्ट्रॅक्टर सॉकेट, म्हणजे झिजलेला नट काढायचा खास सॉकेट, आण. आत उलट्या पिळाचे दात असतात, हातोडीने ठोकून बसवायचा आणि लांब टॉमीने (दांड्याने) सावकाश फिरवायचा, जोर लावशील तसे दात आणखी रुततात. गॅसच्या टॉर्चने तापवू मात्र नकोस प्लीज, टायर फुटू शकतो. नवीन नट टॉर्क रेंचनेच (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पान्हा) आवळ.