पारदर्शक शीटवरील ब्रेल: शीट पारखून घ्यावी
चित्रकथेच्या पानावर, खालची छपाई दिसत राहावी म्हणून लावायच्या पारदर्शक शीटवर ब्रेल (अंधांची उठावाच्या ठिपक्यांची लिपी) उमटवताना ठिपके फुटतात, त्यावर उपाय काय, असे एकाने विचारले आहे. माझ्या मते दोष बहुधा हाताचा नसून शीटचा असतो. येथे नाशिकच्या मेन रोडवर बाइंडिंगसाठी मिळणारी स्वस्त शीट ठिसूळ निघाली, तर स्टायलसखाली (ठिपके टोचायच्या टोकदार साधनाखाली) ठिपक्याचा माथा फाटतो आणि त्याची कड वाचणाऱ्याच्या बोटाला बोचते. याउलट ओव्हरहेड प्रोजेक्टरची पॉलिएस्टर शीट चिवट असल्याने ठिपका गोल उठतो. ठिपक्याची उंची साधारण अर्धा मिलिमीटर हवी; शीट फार पातळ असल्यास तो दबतो, फार जाड असल्यास उठतच नाही. छपाईपेक्षा ब्रेलला जागा पुष्कळ लागते, म्हणून मजकूर आधी मोजून पानाच्या मोकळ्या भागात बसवावा. अंध आई आणि तिचे डोळस मूल एकाच पुस्तकातून एकत्र वाचू शकतात, यासाठी एवढे कष्ट घेणे मला अगदी आवश्यक वाटते. पावसाळ्यात दमट बोट गुळगुळीत प्लास्टिकवर अडखळते, तेव्हा हात कोरडे करूनच वाचायला बसावे, आणि ठिपके दबू नयेत म्हणून ही पुस्तके एकावर एक न रचता उभी ठेवावीत.